तिसऱ्या अर्थापुढचं वाक्य

फोन आला तेव्हा मिस्त्री कोपरापर्यंत घाणीत होता. एका खाणावळीच्या मागचं चेंबर तुंबलं होतं, आणि खाणावळीचं चेंबर पाण्याने तुंबत नाही, चरबीने तुंबतं. गार झालेली चरबी साबणाच्या वडीसारखी पाइपात बसते, तिला उष्टं चिकटतं, कागद चिकटतात, आणि मग असा वास सुटतो की माश्यासुद्धा वळसा घालून जातात. मिस्त्रीला त्याचं काही वाटत नसे. सत्तावीस वर्षं ड्रेनेजचं काम केलेला माणूस तो. चेंबरच्या काठावर बसून डबा खायचा आणि वर म्हणायचा, "वास नाकाला येतो, जिभेला काय त्याचं?"

खिशातला फोन त्याच्या जोडीदाराने काढला. हा जोडीदार उंच आणि किडकिडीत, म्हणून सगळे त्याला बांबू म्हणत. बांबूने फोन मिस्त्रीच्या कानाला लावून धरला.

पलीकडे शब्दकोशाच्या ऑफिसातले मुख्य संपादक होते. मिस्त्रीची बायको त्यांच्या हाताखाली वीस वर्षं कामाला होती.

"मिस्त्री, काय सांगू तुम्हाला," साहेब म्हणाले, "आम्ही सगळे इथे अगदी गहिवरून गेलो आहोत."

मिस्त्री वाट बघत राहिला. ऑफिसात काही सत्कार-बित्कार असेल असं त्याला वाटलं.

"कोणाला बोलायचं बळ नाही. स्टाफ नुसता सुन्न बसलाय. मला स्वतःला इतकं भरून आलंय की..."

"साहेब, झालंय काय?"

"तुमच्या मिसेस. जिन्यात कोसळल्या. डॉक्टर लगेच आले हो, पण काही उपयोग झाला नाही."

म्हणजे यांचं गहिवरणं आधी आणि तिचं मरण मागून. ही गोष्ट मिस्त्रीच्या घशात अडकली ती अडकलीच. पुढे कितीही पाणी प्यायलं तरी खाली उतरली नाही.

त्याने हात धुतले. खाणावळीच्या मागच्या नळावर तीनदा साबण लावला, चौथ्यांदा लावायला लागला तेव्हा बांबू म्हणाला, "अरे चल आता, राहू दे."

"थांब," मिस्त्री म्हणाला. "तिला हाताचा वास चालत नाही."

---

कोशाचं ऑफिस म्हणजे एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. लांबच लांब खोली आणि भिंतीला लावलेली लोखंडी कपाटं. लोक बोलतात त्या शब्दांचा मोठा कोश तिथे तयार होत होता, आणि वीस वर्षांत तो 'त'पर्यंत आला होता. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड. त्यावर शब्दाचे अर्थ एकाखाली एक, आणि प्रत्येक अर्थापुढे एक वाक्य. हे वाक्य कोणीतरी खरोखर बोललेलं असायला हवं, तेही आपल्या नादात, न विचारता. बोलणाऱ्याचं नाव लिहायचं नाही. त्याचा धंदा लिहायचा आणि वय लिहायचं, बास. वाक्य मिळालं नाही तर अर्थ छापायचा नाही.

मिस्त्रीची बायको या नियमाला चिकटून असायची. कोरी कार्डं तिच्या पर्समध्ये, उशाखाली, स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे. बसमध्ये दोन बायका भांडायला लागल्या की ही त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायची आणि लिहायची. "विचारून काढलेलं वाक्य म्हणजे लग्नातला फोटो," ती म्हणायची. "सगळे हसतात, पण तसं घरात कोणी हसत नाही."

घरातही तेच. मिस्त्री कामावरून वैतागून यायचा, कोणा बिल्डरच्या नावाने शंख करायला लागायचा, आणि बघतो तो काय, बाई पेन्सिल चालवतेय.

"अगं, माझं डोकं फिरलंय आणि तू लिहितेस काय?"

"तुम्ही चालू द्या हो. माझ्याकडे लक्ष नका देऊ."

"काय म्हणालो मी? परत सांगू?"

"नको नको! परत म्हटलं की बिघडतं. पहिलंच बरं होतं."

मिस्त्री चौथीत शाळा सोडलेला माणूस. पण कोशात जागोजागी 'ड्रेनेज मिस्त्री, वय अमुक' असं येतं, हे त्याला माहीत होतं. बांबूला तो दर दोन-चार दिवसांनी ते ऐकवायचा. "तू बोलतोस ते वाऱ्यावर जातं," तो म्हणायचा. "मी बोललो की कपाटात जातं."

---

आठव्या दिवशी ऑफिसने शोकसभा ठेवली. मिस्त्री पहिल्या रांगेत बसला होता, मुलगी उजवीकडे, मेहुणा डावीकडे. मुलगी परगावी नोकरीला होती, ती रजा काढून आली होती. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तोंडाचा फटकळ.

एकामागून एक लोक उठले. कोणाला भरून आलं, कोणाला गलबलून आलं, कोणाच्या भावनांचा बांध फुटला. मिस्त्री प्रत्येकाच्या डोळ्यांकडे नीट बघत होता. धंद्याची सवयच ती. गळती म्हटली की ओल कुठे आहे ते आधी बघायचं. सगळं कोरडं ठणठणीत. एक बाई बोलता बोलता खाली आल्या, त्यांनी मिस्त्रीचा हात दोन्ही हातांत घेतला, "आम्ही तुमच्या दुःखात बुडालो आहोत" असं म्हणाल्या, आणि जागेवर जाऊन बसल्यावर हळूच आपला तळवा हुंगला. त्याने ते पाहिलं. मुलीनेही पाहिलं.

शेवटी मुख्य साहेब उभे राहिले. खिशातून कागद काढून म्हणाले, "आज माझ्याकडे शब्द नाहीत."

मेहुणा मिस्त्रीच्या कानाशी वाकला. "भावजी, मागे एवढी कपाटं भरलीत. शब्द नाहीत म्हणजे गेले कुठे? चोरीला?"

मिस्त्रीला हसू फुटलं. आवरायला गेला तर खांदे गदागदा हलायला लागले. मागच्या रांगेतल्या तीन-चार जणांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मोकळे व्हा," कोणीतरी म्हणालं. "रडून घ्या." साहेबांनी कागदावरून नजर उचलली, दोन क्षण थांबले आणि मान हलवली. जणू तेसुद्धा कार्यक्रमात ठरलेलंच होतं.

मिस्त्रीला त्या हातांची किळस आली. चेंबरमध्ये उंदीर पायावरून जातो तेव्हाही त्याला इतकी किळस आली नव्हती.

---

घरी वेगळीच पंचाईत होती. बाथरूमचं पाणी जात नव्हतं.

ती गेली त्याच्या आधीच्या आठवड्यातच म्हणाली होती, "अहो, मोरी हळू चाललीय. गावभरची गटारं काढता, घरचीही बघा जरा."

"रविवारी बघतो," तो म्हणाला होता. तो रविवार तिने पाहिला नाही.

मग माणसं आली, राहिली, आंघोळी करून गेली, आणि आता पाणी घोट्यापर्यंत चढत होतं. वर राखाडी साय धरायची, साबणाची आणि अंगाच्या मळाची. माणसं गेली तरी ती साय राहायची, आणि संध्याकाळपर्यंत घरभर कुजका वास यायचा.

मिस्त्रीने एकदा जाळी उचलली. टॉर्च मारला. पाइपाच्या तोंडाशीच तिच्या केसांचा गोळा होता. लांब केस, अर्ध्यापर्यंत काळा रंग लावलेले आणि मुळाशी पांढरे. त्यांच्यावर बुळबुळीत काळपट थर चढला होता, आणि त्यात तिची एक पिनसुद्धा गंजून अडकली होती.

असे गोळे त्याने आयुष्यात हजारांनी काढले होते, परक्या घरांतले, परक्या बायकांचे. बोट अडकवून खस्सकन ओढायचा, मेलेल्या उंदरासारखा बादलीत टाकायचा आणि यजमानीण बाईंना म्हणायचा, "बघा ताई, हा तुमचा चोर." बायका "ई" करून तोंड फिरवायच्या. त्याला मजा वाटायची.

त्याने जाळी परत ठेवली. वर टॉवेल टाकला.

"बाबा, मी काढू का?" मुलीने विचारलं.

"हात लावायचा नाही."

"मग बांबूकाकांना बोलवू?"

"त्याला तर मुळीच नाही."

मुलगी मावशीकडे आंघोळीला जायला लागली. मिस्त्री त्या पाण्यातच उभा राहून अंगावर दोन तांबे ओतायचा आणि बाहेर आला की पाय साबणाने धुवायचा, स्वयंपाकघरातल्या बेसिनच्या नळाखाली, एक एक करून.

---

शोकसभेनंतर चार दिवसांनी, दुपारी, मुख्य साहेब घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. वासाने त्यांचं नाक आक्रसलं, रुमाल बाहेर आला, पण बिचारे काही बोलले नाहीत. मुलीने चहा ठेवला.

"हे तुम्हाला दाखवायला आणलंय," म्हणत त्यांनी पाकिटातून एक कार्ड काढलं. "त्यांचं शेवटचं कार्ड. टेबलावर तसंच होतं."

अक्षर तिचं. मिस्त्रीला वाचायला वेळ लागतो, म्हणून मुलीनेच वाचून दाखवलं.

"तुंबणे. पहिला अर्थ, जायची वाट बंद झाल्यामुळे पाणी वगैरे साचून वर चढणे. वाक्य, 'मोरी तुंबली की वरून पाणी ओतत बसू नकोस, आधी हात घाल.' ड्रेनेज मिस्त्री, वय पस्तीस."

मिस्त्रीने मान हलवली. वय पस्तीस म्हणजे लेक अजून चड्डीत फिरत होती तेव्हाचं. वीस वर्षं बाईने ते वाक्य सांभाळून ठेवलं होतं.

"दुसरा अर्थ, काम, गाड्या, माणसं अडून साचत जाणे. 'पुढे एक बाई सुट्टे शोधतेय आणि मागे निम्मं गाव तुंबलंय.' बस कंडक्टर, वय एकोणतीस. तिसरा अर्थ, मनात इतकं साचणे की काही बाहेर पडू नये." मुलगी थांबली. "इथे वाक्य नाही. पेन्सिलने लिहिलंय, 'अजून ऐकलं नाही. ऐकल्याशिवाय भरू नये.'"

"तेच," साहेब पुढे सरकले. "सोमवारी हे पान छापायला जाणार. आम्ही मंडळींनी एक विचार केला. तिसऱ्या अर्थापुढे तुमचं वाक्य घालायचं." त्यांनी दुसरा कागद उलगडला. "'तिच्या जाण्याने माझं मन तुंबून गेलं आहे.' ड्रेनेज मिस्त्री, वय पंचावन्न. आणि प्रस्तावनेत खुलासा, की हे कार्ड ज्यांनी केलं त्यांच्या पतीचे हे उद्गार. बाईंचं नाव त्या निमित्ताने ग्रंथात येईल. एरवी, तुम्हाला ठाऊकच आहे, आम्ही स्टाफची नावं घालत नाही."

"हे मी कधी म्हणालो?" मिस्त्रीने विचारलं.

"नाही, म्हणजे... आता म्हणा."

"आता?"

"एकदाच. मी ऐकतो. म्हणजे नियमात बसलं." साहेब अगदी मऊ आवाजात बोलत होते. "नियम बाईंचाच ना? तो मोडायला नको."

मिस्त्रीने मुलीकडे पाहिलं. मुलगी कार्डाकडे बघत होती.

"म्हणा ना बाबा," ती हळूच म्हणाली. "वीस वर्षं केलं तिने. नाव कुठेच नाहीये. एक ओळ तर आहे. आणि खोटं तरी कुठे आहे ते?"

खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. मिस्त्रीने विचार केला, काय जातंय आपलं? सहा-सात शब्दांचा मामला. पोरगी तोंड फोडून मागतेय. त्याने घसा साफ केला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"तिच्या जाण्याने..." तो म्हणाला.

आणि ते शब्द त्याच्या तोंडात फुगले. उकडलेल्या चरबीसारखे, मऊ आणि गोडसर. 'जाण्याने' काय? ती कुठे गेली नव्हती. जिन्यात पडली होती, हातात डबा होता, डब्याचं झाकण दोन पायऱ्या खाली सापडलं होतं. सत्तावीस वर्षांत ज्या माणसाला एका चेंबरने ओकायला लावलं नव्हतं, तो उठला आणि बेसिनवर जाऊन भडाभडा ओकला.

चूळ भरून आला तेव्हा साहेब उभे होते. त्यांनी मिस्त्रीच्या खांद्यावर हात ठेवला.

"भरून आलं ना?" ते म्हणाले. "साहजिक आहे हो. मलासुद्धा आत्ता अगदी गहिवरून..."

"हात काढा," मिस्त्री म्हणाला. "बारा दिवस तुमचं गहिवरणं ऐकून ऐकून माझे कान तुंबलेत. आता थेंबभर आत जायचं नाही. तुम्हाला गहिवरायचंय तर घरी जाऊन गहिवरा, माझ्या दारात सांडू नका!"

मुलीने डोळे मिटून घेतले. साहेबांचा चेहरा पडला. कान लाल झाले, ओठ हलले. आणि मग एक गोष्ट घडली, जी त्या ऑफिसातल्या माणसाकडूनच घडू शकते. त्यांचा हात आपोआप वरच्या खिशाकडे गेला, एक कोरं कार्ड बाहेर आलं, आणि उभ्या उभ्या, तळहातावर ठेवून, ते लिहायला लागले.

"कान तुंबणे," ते पुटपुटले. "ऐकून ऐकून... हे आमच्याकडे नाहीये. इतकी वर्षं झाली, हे कसं नाही आलं?" आणि मान वर न करता, "मघाशी काय म्हणालात, 'थेंबभर आत जायचं नाही' की..."

थांबले. "नाही, नको. परत नका म्हणू."

मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला. फोन आल्यापासून या माणसाने केलेली ही पहिली धड गोष्ट होती. रुमाल खाली पडला होता, चष्मा नाकावर घसरला होता, गहिवर कुठच्या कुठे पळाला होता, आणि माणूस मन लावून काम करत होता. ती करायची तसंच.

"वय पंचावन्नच ना?"

"पंचावन्न."

"हेच तिसऱ्या अर्थापुढे घालू," साहेब एकदम म्हणाले. "खरं बोललेलं आहे, न विचारता बोललेलं आहे. प्रस्तावनेतला खुलासाही तसाच ठेवता येईल."

मुलीने बापाकडे आशेने पाहिलं.

मिस्त्रीने कार्ड हातात घेतलं आणि बोट ठेवून तिसरा अर्थ सावकाश वाचला, अक्षर अक्षर लावून. "हा मनाचा आहे," तो म्हणाला. "मी बोललो ते कानाचं. तिने वेगळं कार्ड करायला लावलं असतं."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "हो. लावलं असतं."

"मग झालं तर."

"पण मग तिसरा अर्थ गाळावा लागेल. आणि तो खुलासाही."

"तिनेच लिहिलंय ना, ऐकल्याशिवाय भरू नये म्हणून? गाळा."

साहेबांनी दोन्ही कार्डं पाकिटात घातली. दारात चपला घालताना म्हणाले, "वासावरून वाटतंय, मोरी तुंबलीय का हो तुमची?"

"तुंबलीय."

"तुमच्याकडे?" असं त्यांच्या तोंडावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, आणि जिना उतरून गेले.

---

मुलगी दोन दिवस बापाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिची रजा संपली. बॅग भरून झाल्यावर ती बाथरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत साय धरलेलं पाणी होतं आणि जाळीवरचा टॉवेल फुगून वर आला होता.

"आईचं नाव गेलं ते गेलंच," ती म्हणाली. "निदान हे तरी करा बाबा. शी! माणसं राहतात का अशी?"

"करतो."

"कधी?"

"रविवारी."

"'वरून पाणी ओतत बसू नकोस, आधी हात घाल.' तुमचंच वाक्य आहे ना? छापून येणार आहे आता."

"माहीत आहे मला."

ती गेली. कोशाचं ते पान छापायला गेलं, त्यात तुंबणेचे दोन अर्थ आहेत. कान तुंबणे खाली वेगळं आहे. त्यानंतर चार रविवार झाले. मिस्त्रीने रोज दुसऱ्यांच्या मोऱ्या काढल्या, एका दिवसात तीन-तीन. घरची मोरी अजून काढायची राहिली आहे.